पालकत्व : हक्क की अमानत?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या आपल्या देशातील कायद्याच्या ६३व्या कलमाचा आशय असा आहे : दत्तकाचा आदेश लागू झाला, की ते मूल दत्तक घेणाऱ्या मातापित्यांचे होते, जणू ते त्यांच्याच पोटी जन्मले, आणि ज्या घरात ते खरोखर जन्मले त्या घराशी असलेले त्याचे सर्व संबंध त्या दिवसापासून संपतात. यातला 'जणू' फार सामर्थ्याचा आहे. तो निर्दयपणे वापरलेला नाही, हेही प्रथमच सांगितले पाहिजे. रुग्णालयात सोडून दिलेल्या, बसस्थानकावर टाकून दिलेल्या बालकाला कोणाचे तरी पूर्णपणे होता यावे, उद्या कोणी येऊन त्याला ओढून नेऊ नये, म्हणून कायद्याने तो योजला आहे.

तरीही श्रद्धावान वाचक तेथे अडखळतो. सूरह अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतींत नेमक्या याच 'जणू'विषयी मार्गदर्शन आले आहे. मानलेला मुलगा तोंडाने पुत्र म्हटल्यामुळे पुत्र होत नाही. त्याला त्याच्या जन्मदात्याच्या नावाने हाक द्यावी. आणि त्याचा पिता ठाऊकच नसेल तर तो तुमचा धर्मबंधू आहे, असा त्या आयतींचा भावार्थ. मग प्रश्न उभा राहतो. आईबापाचे नाते कायद्याने संपवता येते काय? येत असेल तर संपते ते नेमके काय?

या आयतींची पार्श्वभूमी वाचकांना परिचित आहे. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) लहानपणी लुटारूंच्या हाती सापडले, उकाजच्या बाजारात विकले गेले आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरातून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या छत्राखाली आले. बाप मुलाचा शोध घेत, खंडणीची रक्कम बरोबर घेऊन मक्केत आला. प्रेषितांनी रक्कम नाकारली आणि निवड मुलावर सोपवली. जैद (रजि.) यांनी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले. तेव्हा प्रेषितांनी, ही नुबुव्वतच्या आधीची गोष्ट आहे, लोकांसमोर त्यांना आपला पुत्र म्हणून जाहीर केले आणि ते जैद बिन मुहम्मद म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे अहजाबच्या आयती उतरल्या व ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले.

हा प्रसंग आपण बहुधा 'दत्तक निषिद्ध आहे' या एका वाक्यासाठी सांगतो आणि थांबतो. मला त्यातल्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. नाव बदलले, पण प्रेम, विश्वास आणि घरातले स्थान यांतले काहीही कमी झाले नाही. मूतहच्या मोहिमेचे नेतृत्व प्रेषितांनी प्रथम त्यांच्याच हाती दिले. सर्व सहाबांमध्ये कुरआनात नावाने उल्लेख आला तो एकट्या जैद (रजि.) यांचा. आणि ज्या म्हाताऱ्या बापाने मुलासाठी वाळवंट पालथे घातले होते, त्याचे नाव मुलाला परत मिळाले. मूल बापाकडे गेले नाही, परंतु बाप मुलाच्या नावातून पुसलाही गेला नाही. या एका घटनेत दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या दिसतात : मूल कोणाचे आहे, ही एक, आणि मूल कोणाजवळ राहील, ही दुसरी.

फिक्हच्या ग्रंथांनी हा भेद फार बारकाईने जपला आहे. 'नसब' म्हणजे वंशाचे नाते. 'हिजानत' म्हणजे लहान मुलाचे संगोपन, त्याला भरवणे, निजवणे, वाढवणे. 'विलायत' म्हणजे त्याच्या मालमत्तेचा व विवाहादी बाबींचा अधिकार. पैकी हिजानत आणि विलायत या अमानती आहेत. अमानत ज्याच्याकडे ठेवली तो अपात्र ठरला तर ती त्याच्याकडून काढून घेता येते, नव्हे, घेतली पाहिजे. बाप उधळ्या असेल तर काझी मुलाची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती सोपवतो. संगोपन करणारी व्यक्ती मुलाचे नुकसान होईल अशा दुराचारात पडली तर तिचा हिजानतचा हक्क जातो. नसबचे मात्र तसे नाही. ती कोणाच्या हाती दिलेली वस्तू नाही, ती घडून गेलेली गोष्ट आहे. जे घडले ते न घडलेले ठरवण्याचा अधिकार काझीलाही नाही आणि खुद्द आईबापांनाही नाही. लिआनची तरतूद कोणी पुढे करील. पण लिआनमध्ये असलेले नाते तोडले जात नाही, बापाकडून ते मुळातच नव्हते असे सांगितले जाते.

जाता जाता एक गोष्ट. वर्तमानपत्रांत अधूनमधून जाहीर नोटीस येते : अमुक मुलगा आमच्या कह्यात नाही, आम्ही त्याच्याशी सर्व संबंध तोडले आहेत, त्याला आमच्या मालमत्तेत हक्क राहिलेला नाही. आपल्या समाजातही अशा नोटिसा दिल्या जातात. बापाने केलेल्या कर्जउसनवारीच्या इशाऱ्यापुरता त्यांचा उपयोग असेल, पण शरीअतच्या दृष्टीने त्या नोटिशीने मुलाचा वारसाहक्काचा एक पैसाही कमी होत नाही. बाप मुलाला बडतर्फ करू शकत नाही. मूलही बापाला करू शकत नाही. जाणूनबुजून दुसऱ्याला आपला बाप सांगणाऱ्याविषयी हदीसमध्ये अत्यंत कठोर इशारा आहे.

येथवरचे विवेचन आपल्याला सोयीचे वाटते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. या धोक्यात मी स्वतः सापडलो होतो.

कोकणातल्या आमच्या भागात काही वर्षांपूर्वी जमातच्या ज्येष्ठांनी मला एका तंट्यात बसण्यास बोलावले. दोन मुले होती, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी पाचची. आई वारली होती. बाप दारूच्या आहारी गेलेला, हात उचलणारा; पत्नीच्या मृत्यूनंतर मुलांना नानीच्या दारात सोडून तो दोन वर्षे फिरकलाही नव्हता. मग महामार्गाच्या रुंदीकरणात नानीच्या घरची जमीन गेली, आणि मयत मुलीच्या वाट्याला वडिलांकडून आलेल्या हिश्शाचा मोबदला आला. त्यात नवऱ्याचा चौथा हिस्सा, आईचा सहावा हिस्सा आणि उरलेले मुलांचे. बापाला त्याचा चौथा हिस्सा मिळालाच. पण मुलांचा हिस्सा मुलांबरोबर असतो आणि मुले ज्याच्या ताब्यात, पैसा त्याच्या हातात, हे त्याला कोणीतरी समजावले असावे. तो मुले मागण्यासाठी आला.

बैठकीत मी काय म्हणालो ते मला आजही शब्दशः आठवते. "बाप तो बाप. मुलगा सातच्या पुढे गेला, तो बापाकडे गेला पाहिजे. नाते आपण तोडू शकत नाही." उर्दू पुस्तकांत वाचलेला हनफी फिक्हचा नियम मी शाफई वस्तीत बसून सुनावत होतो. शाफई मतानुसार जाणत्या वयाच्या मुलाला तो कोणाजवळ राहू इच्छितो हे विचारले जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आणि कोणत्याही मताचा आधार घेतला तरी मुलाला इजा पोचवणाऱ्याच्या हाती मूल देता येत नाही, हे ठाऊक असूनही मला सुचले नाही. मी नसबचा नियम हिजानतला लावला. पाच वर्षांची मुलगी नानीकडे राहिली, मुलगा बापाबरोबर गेला.

अकराव्या रात्री तो मुलगा चालत परत आला. दोन गावांमध्ये खाडीपुलाच्या बाजूने सुमारे अठरा किलोमीटर अंतर आहे. पहाटे नानीने दार उघडले तेव्हा तो पायरीवर बसून होता. त्याने दारही वाजवले नव्हते. का, असे मी पुढे त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "नानी फजरला उठतेच."

त्यानंतर आम्ही जिल्हा न्यायालयात गेलो. पालक व पाल्य अधिनियम हा १८९०चा कायदा आहे, आणि मुस्लिम कुटुंबांना तो पूर्वीपासून लागू आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे बाप हयात असताना तो अपात्र आहे असे न्यायालयाला वाटल्याखेरीज मुलाच्या देहाचा पालक म्हणून दुसऱ्या कोणाची नेमणूक करता येत नाही. १७व्या कलमाप्रमाणे मुलाचे कल्याण पाहावयाचे असते आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. म्हणजे न्यायालयात नानीला आपल्या जावयाविरुद्ध 'हा मनुष्य बाप होण्यास अपात्र आहे' असे शपथेवर सांगावे लागणार होते. वकिलांनी अर्ज लिहून वाचून दाखवला. ती माऊली बराच वेळ गप्प राहिली आणि मग मला म्हणाली, "सर, नाव त्याचंच राहू द्या. पोरं फक्त माझ्याजवळ राहू द्या."

मी इतकी वर्षे फिक्हची पुस्तके वाचली, पण या विषयावर याहून नेमके विधान माझ्या वाचनात नाही.

न्यायाधीशांनी मुलाशी एकांतात बोलून नानीला दोन्ही मुलांची पालक नेमले. मोबदल्याची रक्कम मुलांच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव होते तसेच राहिले. त्या माणसाच्या हातून मुले गेली, पैसा गेला, अधिकार गेला, आणि तरी तो त्यांचा बापच राहिला.

सर्व देशांचे कायदे येथे थांबत नाहीत. अमेरिकेत न्यायालय आईबापांचे हक्क मुळापासून संपवू शकते आणि त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने ते त्या मुलाचे कोणीही उरत नाहीत. १९८२ साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की इतके टोकाचे पाऊल उचलण्यास साध्या दिवाणी दाव्यातला पुरावा पुरेसा नाही, स्पष्ट व खात्री पटवणारा पुरावा हवा. पंधरा वर्षांनी, १९९७ साली, संघराज्याच्या कायद्याने उलट दिशेने घाई लावली : मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी व्यवस्थेतील परक्या घरात राहिले असेल तर, काही अपवाद वगळता, राज्याने आईबापांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज केलाच पाहिजे. मूल नातेवाइकाजवळ राहत असेल तर राज्याला हा अर्ज टाळता येतो. आपली नानी तेथे असती तर तिला या अपवादाचा आधार होता.

या घाईमागे दया होती. मुले एका घरातून दुसऱ्या घरात फिरत मोठी होत, त्यांना लवकर कायमचे घर मिळावे असा हेतू होता. पण जुने नाते कापल्यावर नवे नाते जुळेलच याची हमी कोणता न्यायाधीश देणार? अनेक मुलांचे आईबाप कायद्याने गेले आणि दत्तक घेणारे कोणी आलेच नाहीत. अशा मुलांसाठी तेथे 'कायद्याने अनाथ' असा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. आईबाप जिवंत, आणि मूल न्यायालयाच्या हुकुमाने यतीम! अखेर कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली कायदा केला, की अशा मुलाला कोणीच दत्तक घेतले नाही तर संपवलेले हक्क पुन्हा बहाल करता यावेत. त्यानंतर इतर अनेक राज्यांनी तसेच केले. कापलेले नाते पुन्हा शिवण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावर अधिक भाष्याची गरज नाही. इंग्लंडने १९८९च्या कायद्यात 'पालकांचे हक्क' हा शब्द मागे सारून 'पालकांची जबाबदारी' हा शब्द मुख्य केला, आणि मूल सरकारी ताब्यात घेतले तरी आईबापांची जबाबदारी नाहीशी होत नाही असे ठरवले. दत्तकाचा टप्पा येईपर्यंत तो विचार आपल्या अमानतच्या कल्पनेला बराच जवळचा आहे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते मी मनापासून मांडतो, कारण मला ते पुरते खोडता आलेले नाही. समजा नानी नव्हती. समजा ते मूल चार दिवसांचे होते आणि त्याचे कोणीच नव्हते. एखाद्या निपुत्रिक मुस्लिम दांपत्याने त्याला घरी आणले आणि पालक म्हणून न्यायालयाचा आदेश घेतला. हे पालकत्व मूल अठरा वर्षांचे झाले, की संपते. मूल त्यांचे वारस नाही. हक्क सांगणारे कोणी पुढे आले तर पुन्हा कज्जा. त्या मुलाला 'आम्ही तुझे पालक आहोत, आईबाप नव्हे' असे सांगून आपण सत्याची बाजू राखली, परंतु मुलाला पायाखाली जमीन दिली काय? कायद्याच्या 'जणू'ने ती दिली असती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केले, की बाल न्याय कायद्यानुसार दत्तक घेण्याचा मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुला आहे, व्यक्तिगत कायदा त्याच्या आड येऊ शकत नाही. मात्र तो कोणावर सक्तीचाही नाही. तेव्हा निवड प्रत्येकाच्या विवेकाची आहे.

यावर शरीअतने काहीच सुचवले नाही असे नाही. हयातीत हिबा करण्यास मर्यादा नाही. वारस नसलेल्यासाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. दोन वर्षांच्या आत दूध पाजल्याने रजाअतचे नाते जुळते आणि घरातील पडद्याची अडचण दूर होते. टाकून दिलेले मूल उचलणे हे समाजावरील सामूहिक कर्तव्य आहे; हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत एकाने असे मूल आणले तेव्हा ते स्वतंत्र आहे आणि त्याचा खर्च आमच्यावर, असे त्यांनी त्याला सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतही इस्लामी 'कफालत'चा उल्लेख पर्यायी संगोपनाचा एक मार्ग म्हणून आहे.

पण हे सर्व सांगताना माझा आवाज खाली येतो. किती घरांनी हिबाचा कागद केला? किती जमातींकडे अनाथ मुलांची नोंदवही आहे? 'आपल्यात दत्तक नाही' हे वाक्य ज्या ठामपणे उच्चारले जाते, त्या ठामपणाने 'आपल्यात कफालत आहे' हे वाक्य मी फार थोड्या तोंडून ऐकले आहे. नसबचे पावित्र्य सांगून हात झटकणारा समाज त्या मुलाला नसबही देत नाही आणि घरही देत नाही. सूरह माऊनमध्ये अनाथाला धक्के देणाऱ्याचे जे वर्णन आहे, त्यात धक्का हातानेच दिला पाहिजे असे कोठे आहे?

आणि ज्या स्त्रीला आपले मूल सोपवून द्यावे लागते तिचे काय? आपल्या कायद्याने तिला बाल कल्याण समितीपुढे समुपदेशन देऊन मग दस्त करून घेण्याची आणि त्यानंतर दोन महिने फेरविचाराची मुदत ठेवली आहे. ते साठ दिवस ती कोठे काढते? माहेरी तिला दार नसते, मोहल्ल्यात तिच्याविषयी कुजबुज असते. या साठ दिवसांत तिच्याकडे एखादी बहीण गेली, भाडे आणि दूध यांची व्यवस्था करून 'मूल ठेव, आम्ही आहोत' असे म्हणाली, तर कायद्याला कापण्यासाठी काही उरणारच नाही. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही दिला जाऊ नये, असा भावार्थ आहे. ती आयत आपण तलाकच्या प्रकरणांत वाचतो. या साठ दिवसांतही ती वाचली पाहिजे.

दत्तकाचा मार्ग निवडलेल्या मुस्लिम कुटुंबांना मी दोष देत नाही. फतवा देण्याचा माझा अधिकारही नाही. इतकेच म्हणतो, की कागदावर 'जणू' असला तरी घरात तो नसावा. मुलाला त्याचे सत्य त्याच्या वयाला झेपेल तसे सांगावे. ते सत्य त्याच्या मालकीचे आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलीचा निकाह झाला. नानी आता ऐंशीच्या घरात आहे. तिनेच बापाला निरोप पाठवला. तो आला, दारू सुटल्याला तीन वर्षे झाली म्हणतात, पण तब्येत पार खालावलेली. वली कोण, असे काझीसाहेबांनी विचारले तेव्हा मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. शाफई मतात बाप हाच पहिला वली, आणि हा बाप त्या पदास पात्र की अपात्र याची चर्चा भर मांडवात कोण करणार? तो स्वतःच उठला आणि मुलाला म्हणाला, "माझ्या वतीने तूच कर." काझीसाहेबांनी होकार दिला. निकाहच्या नोंदवहीत वधूच्या नावापुढे बापाचे नाव लिहिले गेले, आणि वलीच्या रकान्यात भावाने सही केली.